सरफॅक्टंट आणि पेशीपटलातून होणारे आयनवहन

ज्याच्या रेणूचे एक टोक जलस्नेही आणि दुसरे जलद्वेषी असते अशा पृष्ठसक्रिय पदार्थाला सरफॅक्टंट म्हणतात. साबण, डिटर्जंट, पित्तक्षार, रिठ्यातील सॅपोनिन आणि जिवाणूंनी तयार केलेली काही प्रतिजैविके याच वर्गात येतात. हे रेणू पेशीपटलात शिरले की सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांसारख्या आयनांची ये-जा बदलते. डिटर्जंट पटल विरघळवतो, एवढीच त्याची ओळख पुष्कळदा करून दिली जाते. ती अपुरी आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे बरेच परिणाम पटल विरघळण्याच्या आधी, वरवर शाबूत दिसणाऱ्या पटलातच घडतात.

पेशीपटलाचा पाया म्हणजे लिपिडचा दुपदरी थर. त्याचा मधला तेलकट भाग जेमतेम ३ नॅनोमीटर जाडीचा असतो, तरी आयनांना तो जवळजवळ अभेद्य ठरतो. पाण्याचे वेष्टन सोडून तेलात शिरायला आयनाला फार ऊर्जा लागते. प्रथिने नसलेल्या कृत्रिम थरातून पाणी सोडियमच्या सुमारे अब्जपट सहजतेने जाते. या अडथळ्यामुळेच माणसाच्या पेशीत पोटॅशियम लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल, तर बाहेर अवघे ५ च्या आसपास राहू शकते. सोडियमचे प्रमाण याच्या उलट असते. हा फरक राखणारा पटलातील प्रथिनाचा पंप एका एटीपी (पेशीतील ऊर्जावाहक) रेणूच्या ऊर्जेवर ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. गळती वाढली की पंपावर ताण येतो आणि एका मर्यादेपुढे तो पुरा पडत नाही.

आरी हेलेनियस आणि काई सिमन्स यांनी १९७५ मध्ये या विषयाचा जो आढावा घेतला, त्यातून टप्प्यांचे चित्र रूढ झाले. आधी सरफॅक्टंटचे सुटे रेणू लिपिडमध्ये मुरतात. थर संपृक्त झाला की त्याचे तुकडे मिसेलमध्ये, म्हणजे जलद्वेषी टोके आत ठेवून बनलेल्या रेणूंच्या सूक्ष्म पुंजक्यांत, निघू लागतात. शेवटी सारे पटल विरघळते. शुद्ध पाण्यात सोडियम डोडेसिल सल्फेट या ऋणभारित डिटर्जंटचे मिसेल लिटरमागे सुमारे ८ मिलिमोलला बनतात, ट्रायटन एक्स-१०० या भाररहित डिटर्जंटचे ०.२ ते ०.३ मिलिमोललाच. परंतु नुसती संहती सांगून भागत नाही. त्याच द्रावणात पेशी दुप्पट घातल्या तर प्रत्येक पटलाच्या वाट्याला कमी रेणू येतात. म्हणून सरफॅक्टंट आणि लिपिड यांचे गुणोत्तर न देणारे प्रयोग एकमेकांशी ताडून पाहणे कठीण जाते.

तांबड्या रक्तपेशीत हा क्रम स्पष्ट दिसतो. हिमोग्लोबिन बाहेर येण्याआधी पोटॅशियम निसटते आणि सोडियम आत शिरते. हिमोग्लोबिन मात्र आतच अडकलेले असल्याने त्याच्या परासरणदाबामुळे पाणी आत ओढले जाते, पेशी फुगते आणि फुटते. बाहेरच्या द्रावणात छिद्रातून जाऊ न शकणारे मोठे रेणू मिसळले तर हे फुटणे लांबते, यावरून आधी लहान छिद्रे पडतात हे कळते. याहून विलक्षण बाब अशी की, अत्यल्प मात्रेत अनेक सरफॅक्टंट याच पेशींना क्षार कमी असलेल्या विरल द्रावणात फुटण्यापासून वाचवतात.

रेणूवरील विद्युत्भारही महत्त्वाचा. ऋणभारित सरफॅक्टंट पटलात बसला की पृष्ठभागाजवळ धन आयनांची दाटी होते. सेटिलट्रायमिथिल अमोनियम ब्रोमाइडसारखा धनभारित असेल तर ते दूर लोटले जातात. यामुळे आयनमार्गांना, म्हणजे पटलातून आयन जाऊ देणाऱ्या प्रथिनांच्या वाटांना, जाणवणारे विभवांतर बदलते.

भार नसलेले रेणूही मार्गांवर प्रभाव टाकतात. ग्रामिसिडिन हे १५ अमिनो आम्लांचे पेप्टाइड. त्याचे दोन रेणू टोकाला टोक लावून पटलात आयनमार्ग तयार करतात. हा मार्ग थराच्या जाडीपेक्षा आखूड असल्याने पटलाला तेथे आत खचावे लागते. लुंडबेक आणि अँडरसन यांनी १९९४ मध्ये दाखवले की लायसोफॉस्फोलिपिडमुळे (एकच मेदाम्ल-शेपटी असलेल्या लिपिडमुळे) हे मार्ग अधिक संख्येने बनतात व जास्त काळ टिकतात. ट्रायटन एक्स-१०० चाही असाच परिणाम होतो. रेणू मार्गाच्या प्रथिनाला कोठे चिकटतो, हे शोधण्याआधी पटलाची लवचिकता बदलली का, हे तपासावे, हा या संशोधनाचा सर्वांत मोलाचा धडा वाटतो.

सॅपोनिन कोलेस्टेरॉलला धरतात. त्यामुळे डिजिटोनिन या सॅपोनिनची मात्रा जपून वापरली तर पेशीचे बाह्य पटल सच्छिद्र होते, पण कोलेस्टेरॉल फारच कमी असलेले तंतुकणिकेचे (मायटोकॉन्ड्रियाचे) आतले पटल शाबूत राहते. प्रयोगशाळेत या गुणाचा रोज उपयोग होतो. सॅपोनिनयुक्त फळे कुटून पाण्यात टाकून मासे धरण्याची जुनी रीत अनेक देशांत आढळते. माशांच्या कल्ल्यांचे नाजूक पटल या द्रव्यांपुढे टिकत नाही.

औषधांत पॉलिमिक्सिन हे प्रतिजैविक ग्रॅम-ऋण (बाहेरून एक जादा पटल असलेल्या) जिवाणूंच्या बाह्य पटलातील मॅग्नेशियम व कॅल्शियम हटवून आत घुसते. डॅप्टोमायसिन हे मेदाम्लाची शेपटी असलेले पेप्टाइड प्रतिजैविक कॅल्शियमच्या साथीने ग्रॅम-धन (असे बाह्य पटल नसलेल्या) जिवाणूंच्या पटलात बसते. मग पोटॅशियम बाहेर पडते आणि पटलाचे विभवांतर कोसळते. मात्र न्यूमोनियात ते निरुपयोगी ठरले, कारण फुप्फुसांतील वायुकोशांना आतून अस्तर करणारा शरीराचा स्वतःचा सरफॅक्टंट त्याला जिवाणूंपर्यंत पोचण्याआधीच बांधून ठेवतो.