वातावरणनिर्मिती (कथासाहित्य)

वातावरणनिर्मिती : कथा-कादंबरीतील घटना जिथे आणि ज्या काळात घडतात ती जागा व तो काळ वाचकाला पटेल अशा रीतीने उभा करणे. स्थलवर्णन हा तिचा एक भाग, आणि तोही लहानच. जागेमुळे पात्रांना काय करता येते नि काय येत नाही हे कळू लागले, की वाचकाचा विश्वास बसतो.

पुण्यातील पेठेतला जुना वाडा घ्यावा. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर अशी जंत्री दिल्याने तो डोळ्यांपुढे येत नाही. वरच्या मजल्यावर कुणी चालले, की कडीपाटातून, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांच्या छतातून, माती भुरभुरते आणि खालच्या बिऱ्हाडात जेवणाऱ्याला ताटावर हात धरावा लागतो, एवढ्याने मात्र तो येतो. रात्री उशिरा परतणाऱ्या मुलाने दिंडीची कडी वाजवली, की चौकाभोवतीची सगळी बिऱ्हाडे जागी होतात. अशा घरात गुपित टिकत नाही. कथेला पेच आयता मिळतो.

काळाच्या बाबतीत चूक चटकन पकडली जाते. १९६० सालच्या नायिकेने ‘पीएमपी’ पकडली, तर पुणेकर वाचक तिथेच अडतो. २००७ पर्यंत शहराची बस ‘पीएमटी’ होती, ‘पीएमपी’ हे नाव त्यानंतरचे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला धरण फुटून मुठेकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतरच्या दिवसांत घडणाऱ्या कथेत नदीकाठच्या घरातून चिखल उपसला जात नसेल, धान्य भिजलेले नसेल, तर ते पुणे खोटे वाटते. पुराचा उल्लेख करायलाच हवा असे नाही. त्याच्या खुणा पात्रांच्या दिवसक्रमात असाव्यात.

बोलीही जागा सांगते. पुण्याच्या कोथरूड उपनगरातील जुनी माणसे जुन्या शहरातल्या पेठांकडे निघताना ‘गावात जाऊन येतो’ म्हणतात. या एका वाक्यात शहर कसे वाढले ते येते, निवेदकाने वेगळे सांगावे लागत नाही.

काल्पनिक गावाला नकाशातला आधार नसतो, म्हणून आतली सुसंगती अधिक काटेकोर लागते : पहिल्या प्रकरणात देवळामागून वाहणारी नदी शेवटीही तिथूनच वाहावी.

पुण्यातील कितीतरी वाडे पाडले गेले असून त्यांच्या जागी इमारती आल्या आहेत. त्या काळावर लिहिणाऱ्याला छायाचित्रांत दरवाजे नि खांब सापडतात. नळाला पाणी कधी येई, पहिली घागर कुणाची लागे, यासाठी तिथे राहिलेल्या वृद्धांपाशीच बसावे लागते.