लेक डेव्हिसचा पाईक आणि दोनदा टाकलेलं विष

पाईक म्हटलं की आपल्याला विठ्ठलाचा पाईक आठवतो, हा मात्र लांबट तोंडाचा, पाणवनस्पतीत दबा धरून बसणारा मासा, साधारण आपल्या मरळीच्या स्वभावाचा. युरोप, सायबेरिया, कॅनडात तो घरचाच, पण कॅलिफोर्नियात उपरा, सगळी भानगड तिथेच आहे.

तिथे तो आधी फ्रेंचमन लेकमध्ये सापडला, 1991 ला विष टाकून संपवला. मग 1994 मध्ये लेक डेव्हिसमध्ये निघाला, बहुतेक कोणीतरी गळाच्या हौसेपायी आणून सोडला असणार. भीती अशी की तलावाचं पाणी फेदर नदीतून सॅक्रामेंटो नदीकडे जातं, आणि पाईक तिथे पोचला की तिथल्या सॅमन माशांच्या पिल्लांचं काही खरं नाही. ही भीती खोटी नव्हती, हे मान्यच करायला हवं.

पण ऑक्टोबर 1997 मध्ये राज्य सरकारने तलावात रोटेनॉन टाकलं, ते आजही पटत नाही. रोटेनॉन म्हणजे झाडाच्या मुळातलं विष, कल्ल्यांतून शिरतं आणि माशाच्या पेशींना ऑक्सिजन वापरताच येत नाही. आपल्याकडेही ओढ्यात गेळफळं कुटून टाकतात की, तसलाच प्रकार. फरक एवढाच की पोर्टोला गावाचं पिण्याचं पाणी याच तलावातून यायचं! लोक नको नको म्हणत होते, काहींनी तर गार पाण्यात उतरून बोयाला स्वतःला साखळीने बांधून घेतलं, तरी पोलीस बंदोबस्तात विष पडलंच. वर त्या औषधात मिसळलेलं दुसरं रसायन कित्येक महिने पाण्यात राहिलं. शेवटी सरकारने 92 लाख डॉलर भरपाई दिली.

आणि मे 1999 मध्ये पाईक परत हजर. वाचले की कोणी पुन्हा सोडले, यावर वाद झाला. मग जाळी, विजेचा झटका, स्फोटकं सगळं करून झालं, हजारो मासे काढले तरी संपेनात.

सप्टेंबर 2007 ला परत रोटेनॉनच, पण यावेळी आधी पाणी कमी केलं, तलावात येणाऱ्या ओढ्या-झऱ्यांतही विष टाकलं, ते दुसरं रसायन नसलेलं औषध घेतलं आणि मुख्य म्हणजे गावाशी आधी बोलले. पाईक गेला. नंतर ट्राउट आणून सोडले.