गाडी ऑइल खातेय: रिंगा गेल्या की व्हॉल्व्ह सील?

सकाळी गाडी चालू केली की सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट निघायचा आणि अर्ध्या मिनिटात विरून जायचा. मग दिवसभर काही नाही. हजार किलोमीटरला पाव लिटरभर ऑइल कमी व्हायचं. गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सांगून टाकलं, "रिंगा गेल्यात. इंजिन उतरवावं लागेल." गाडी १९९७ची, चार सिलिंडरची छोटी पेट्रोल गाडी, बाबांनी घेतलेली. इंजिनकामाचा त्याने सांगितलेला आकडा गाडीला बाजारात मिळाली असती त्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होता. चांगल्या चालत्या गाड्या भंगारात जातात त्या पुष्कळदा अशाच एका वाक्यावर. ते वाक्य खरं की खोटं हे मालकाला स्वतः तपासता येतं, आणि त्याला फारसा खर्चही नाही.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढं नक्की. पण पिस्टनच्या डोक्यावरच्या जागेत ऑइल शिरायला दोन वाटा आहेत, एक खालून आणि एक वरून.

खालची वाट रिंगांची. पेट्रोल गाडीच्या पिस्टनवर साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोन जळत्या वायूचा दाब अडवतात आणि तिसरी सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली पाठवते. रिंगा झिजल्या, बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) घासला किंवा कार्बन बसून रिंग खाचेतच अडकली, की भिंतीवर ऑइलचा थर राहतो आणि प्रत्येक स्फोटात थोडा थोडा जळतो. त्याच फटीतून जळलेला वायू उलटा खाली, इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरकडे जातो. गॅरेजमध्ये याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. खालून ऑइल वर आणि वरून वायू खाली, ही दोन्ही लक्षणं बहुतेक वेळा जोडीनेच येतात.

वरची वाट व्हॉल्व्ह सीलची. इंजिनच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट ऑइलमध्ये न्हाऊन निघत असतो. व्हॉल्व्हची दांडी गाइड नावाच्या नळीतून खालीवर होते आणि गाइडच्या डोक्यावर बोटाच्या टोकाएवढी एक रबरी टोपी बसवलेली असते. दांडीवरचं जास्तीचं ऑइल पुसणं हे तिचं काम. हे रबर वर्षानुवर्षं उष्णता सोसून कडक होतं, मग दांडीला घट्ट धरत नाही. बंद गाडीत रात्रभर हेडमधलं ऑइल दांडीवरून थेंबथेंब खाली उतरतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला जळून जातं. आमच्या गाडीचा तो सकाळचा लोट म्हणजे हेच.

आता जुन्या गाडीच्या मालकाने मनात पक्की ठेवावी अशी गोष्ट. रिंगा झिजतात त्या किलोमीटरनी, धुळीने आणि वेळेवर न बदललेल्या ऑइलने. सील कडक होतं ते वयाने आणि उष्णतेने. म्हणून पंचवीस वर्षांत साठ हजारच किलोमीटर धावलेली, सोसायटीत झाकून ठेवलेली गाडी निळा धूर सोडायला लागली, तर माझा पहिला संशय सीलवर जातो. टॅक्सी म्हणून तीन लाख किलोमीटर पळालेल्या गाडीत तो रिंगांवर जाईल. गॅरेजवाल्याने आम्हाला गाडी किती धावली हे विचारलंसुद्धा नव्हतं.

आमच्या गाडीचं निदान झालं कुंभार्ली घाटात. कराडहून चिपळूणला चाललो होतो, भाऊ त्याच्या गाडीतून मागे. घाट उतरून पोफळीजवळ सपाटीला लागलो, ॲक्सिलरेटर दाबला आणि भावाचा फोन आला, "अरे, भसकन निळा धूर सोडलास!" दोन दिवसांनी तोच घाट चढताना मी त्याला मुद्दाम मागे राहायला सांगितलं. सेकंड गिअर, पूर्ण लोड, इंजिन ओरडतंय, आणि धूर अजिबात नाही.

यामागचं कारण कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. उतारावर गाडी गिअरमध्ये असते आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो. थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) बंद, पण इंजिन वेगाने फिरतंय आणि हवा ओढू पाहतंय. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, जबरदस्त व्हॅक्यूम तयार होतो. सैल सीलमधून हा व्हॅक्यूम ऑइल शोषून घेतो, ते आत साचतं आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच एकदम जळतं. चढावर थ्रॉटल उघडं असतं, व्हॅक्यूम जवळपास नाहीसा होतो, त्यामुळे वरून ऑइल येत नाही. मात्र सिलिंडरमधला दाब तेव्हा सर्वात जास्त असतो, आणि रिंगा गेल्या असतील तर त्यांची खरी परीक्षा तिथेच होते. घाट जवळ नसेल तर गाडी गरम करून चार-पाच मिनिटं आयडलवर ठेवा, कुणाला तरी मागे उभं करा आणि एकदा झटकन रेस करा. सील गेलं असेल तर पहिल्याच रेसला लोट येतो आणि दोन-तीन रेसनंतर धूर विरळ होतो. रिंगा गेल्या असतील तर जितक्या वेळा रेस कराल तितक्या वेळा तो येतच राहतो.

मामांची गाडी याच्या नेमकी उलट वागायची. कोल्हापूरहून रत्नागिरीला त्यांचं नेहमी जाणं-येणं. परतताना साखरप्याहून आंबा घाट चढायला लागले की मागच्या गाड्या धुराने वैतागून हॉर्न मारायच्या. पिकअप गेलेला, ॲव्हरेज पडलेलं, ऑइल बदलल्यावर पंधरा दिवसांत काळंकुट्ट. त्यांच्या गाडीवर मी ऑइल फिलर कॅपची (इंजिनात ऑइल ओतायच्या तोंडावरच्या झाकणाची) तपासणी केली, ती तुम्हालाही करता येईल. इंजिन गरम आणि आयडलवर असताना कॅप उघडायची आणि तोंडावर नुसती उलटी ठेवायची. फॅन-बेल्टपासून हात आणि बाह्या लांब. मामांच्या गाडीवर कॅप तव्यावरच्या झाकणासारखी थडथडायला लागली आणि तोंडातून गरम वाफेचे भपके यायला लागले. हेच बॅक कॉम्प्रेशन. आमच्या गाडीवर कॅप शांत बसून राहिली, उलट किंचित आत ओढली गेली. ओव्हरहेड कॅमच्या, म्हणजे कॅमशाफ्ट हेडमध्येच असलेल्या इंजिनात तोंडातून थोडे शिंतोडे उडतात आणि हलकी वाफही येते. त्याला घाबरू नका, दाब आहे का तेवढं बघा.

एवढ्यावर बहुतेक उलगडतं. तरी हजारोंचा खर्च ठरवण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो याची मोजणी, करून घ्या. गेज बहुतेक बऱ्या गॅरेजमध्ये असतो. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी चार्ज असावी. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे स्टार्टर मारायचा आणि आकडा लिहून घ्यायचा. ॲक्सिलरेटर दाबायचा राहिला तर आकडे उगाच कमी येतात आणि चांगलं इंजिनही खराब वाटतं, म्हणून त्या वेळी स्वतः सीटवर बसा. आमचे आकडे १६५, १७०, १६०, १६५ पीएसआय (दाबाचं एकक) आले. मामांचे ११०, १२५, ९५, १२०. मग मामांच्या गाडीत प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. तिसरा सिलिंडर ९५वरून १४० झाला. ओतलेल्या ऑइलने रिंग आणि भिंतीमधली फट तेवढ्यापुरती बुजवली, म्हणून आकडा चढला. ऑइल टाकूनही आकडा हलला नसता तर दोष व्हॉल्व्हच्या सीटवर (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडेवर) किंवा हेड गॅस्केटवर गेला असता. चमच्याऐवजी कपभर ऑइल ओतलं तर कोणत्याही इंजिनचा आकडा वाढतो, तेव्हा मोजूनच टाका.

इथे एक गल्लत नेहमी होते. "व्हॉल्व्ह गेले" आणि "व्हॉल्व्ह सील गेलं" या वेगळ्या गोष्टी आहेत. व्हॉल्व्हची सीट खराब झाली तर कॉम्प्रेशन पडतं, गाडी ओढत नाही, आयडलला थरथरते, पण निळा धूर येत नाही. सील गेलं तर धूर येतो, कॉम्प्रेशन मात्र जागच्या जागी राहतं.

एक फसवा प्रकार रिंगा आणि सील या दोन दोषांच्या मधला आहे. वरच्या दोन रिंगा ठणठणीत, पण खालची ऑइल रिंग कार्बनने अडकलेली. कॉम्प्रेशन चांगलं येतं, कॅप नाचत नाही, घाट उतरल्यावर धूरही येतो, कारण तो व्हॅक्यूम खालूनही ऑइल ओढतो. मग ओळखायचं ते ऑइलच्या खपावरून. सील एकटं गेलं असेल तर खप सहसा पाव-अर्ध्या लिटरच्या आसपास राहतो. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल गायब होत असेल आणि बाहेर कुठे गळतीचा डाग नसेल, तर नुसत्या सीलवर भागेल अशी आशा मी धरणार नाही. वर्षानुवर्षं फक्त भाजी आणायला निघणाऱ्या आणि कधीच नीट गरम न होणाऱ्या गाड्यांमध्ये हे जास्त होतं.

आणि या दोघांनाही दोष देण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून बघा. इंजिनच्या पोटातली वाफ पुन्हा इनटेककडे नेणारा हा छोटा व्हॉल्व्ह चिकटाने बंद पडला तर आत दाब साठतो आणि ऑइल नको तिथे ढकललं जातं. उघडाच अडकला तर ऑइल थेट ओढलं जातं. काढून कानाजवळ हलवला की बहुतेक व्हॉल्व्ह खुळखुळ वाजतो. वाजला नाही तर कार्ब क्लीनरने धुवा किंवा बदला. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या पलीकडे असेल तर तेही आधी कमी करा. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ आणि चोक ओढल्यावरचा काळा धूर यांचा या सगळ्याशी संबंध नाही.

दुरुस्तीत तर जमीन-अस्मानाचा फरक. रिंगांसाठी हेड खोलायचं, पिस्टन काढायचे, बोअर मोजायचा. घासला असेल तर लेथवाल्याकडे बोरिंग आणि ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन, बेअरिंगही बघावेच लागतात. बोअर न मोजता फक्त नव्या रिंगा टाकून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये नवी रिंग नीट बसत नाही आणि धूर परत येतो. सीलचा अख्खा सेट मात्र काही शेकड्यांत मिळतो आणि पुष्कळ इंजिनांत हेड न उतरवताही सील बदलता येतात.

आमचे तसेच बदलले. व्हॉल्व्हची स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह खाली सिलिंडरमध्ये पडतो, ही खरी अडचण. कारागिराने पिस्टन थोडा खाली ठेवून प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडली, टोक बाहेर ठेवलं आणि पाना लावून पिस्टनला वरखाली करणारा क्रँक हाताने हळूहळू फिरवला. पिस्टन वर आला, दोरीचा गोळा व्हॉल्व्हना खालून घट्ट दाबून बसला. मग स्प्रिंग दाबायची, स्प्रिंग जागेवर धरणारे नखाएवढे दोन लॉक मॅग्नेटने उचलायचे, जुनं सील काढून नवं बसवायचं. ऑइल खाली जाण्याच्या भोकांवर त्याने आधी फडकं कोंबलं होतं, कारण लॉक तिथून घरंगळला तर चेंबर उघडावा लागतो. दोरी नायलॉनचीच हवी, सुतळीचे धागे आत तुटून राहतात. निघालेलं सील मी हातात घेऊन दाबलं. नवं सील पेन्सिलच्या खोडरबरासारखं दबत होतं, जुनं चिमटीत कटकन तुटलं. घेताना व्हायटॉनचे सील मागा, साध्या रबरापेक्षा ते उष्णता जास्त सोसतात. कॅमसाठी टायमिंग बेल्ट उतरवावाच लागत असेल तर त्याच वेळी नवा घाला.

जुनी गाडी विकत घेणार असाल तर विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. कोमट लागलं तर सकाळचा धूर तुम्हाला दिसणार नाही, दुसऱ्या दिवशी परत जा. ऑइल गरजेपेक्षा फार दाट वाटलं तरी सावध व्हा, कारण दाट ऑइल झिजलेल्या रिंगांचा धूर काही दिवस झाकतं. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरटीओत री-पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) असतं, पीयूसीही काढावी लागते, आणि जळणाऱ्या ऑइलने हायड्रोकार्बनचा आकडा वाढतो. मुंबईसह चार महानगरांत १९९५च्या एप्रिलपासून नव्या पेट्रोल गाड्यांना धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. अशा गाडीत ऑइल जळत राहिलं तर त्यातलं फॉस्फरस कन्व्हर्टर निकामी करतं, म्हणून तिथे फार काळ ढकलू नये.

मामांनी इंजिनकाम लगेच केलं नाही. वर्षभर घाटाच्या फेऱ्या बंद केल्या, ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवली आणि दर पाचशे किलोमीटरला डिपस्टिक बघून किती ऑइल घातलं ते लिहीत गेले. पाचशेला पाऊण लिटर ही नोंद सलग तीनदा आली तेव्हा त्यांनी बोरिंगला गाडी दिली. जाताना वही आणि कॉम्प्रेशनच्या आकड्यांचा कागद बरोबर नेला आणि काम सुरू होण्याआधी कारागिराला दोन्ही वाचायला लावले.