एडिट म्हणजे निवडणं, गोरं करणं नव्हे

परवा खानापूरच्या एका लग्नात १४०० फोटो काढले, तर नवरदेवाचा काका म्हणतो, "भाऊ, सगळे एडिट करून द्या की." सगळे एडिट कसे होणार हो? एडिट म्हणजेच सगळे न देणं. बेळगावात मराठी गिऱ्हाईक असो की कानडी, एडिट म्हटलं की फोटोशॉपच डोळ्यासमोर येतं, आणि आता नवीन कॅमेरा घेतलेली पोरंपण तेच बोलायलीत म्हणून हे लिहायलोय.

फोटोशॉपमध्ये करतात ते रिटच, तुम्हाला माहितीच आहे, मुरूम काढा, रंग उजळा, मागची वायर पुसा. पूर्वी स्टुडिओत हेच निगेटिव्हवर पेन्सिलने करायचे. सोडा ते.

एडिट बघा. रोलमध्ये ३६ फ्रेम, डेव्हलप करून सहा-सहाच्या सहा पट्ट्या कापायच्या, ८ बाय १० इंची फोटोच्या कागदावर मांडून वर काच ठेवायची, लाइट द्यायची, कागद धुतला की झाली काँटॅक्ट शीट. फोटो निगेटिव्हएवढेच, म्हणून भिंग लावून बघायचं आणि पसंत पडला त्याला लाल पेन्सिलने चौकट. फोटोतलं काहीच बदलत नाही, फक्त बाकीचे कुणाला दिसत नाहीत. (क्रॉपची खूणपण तिथंच करतात, मी ती एडिटमध्येच धरतो, भांडू नका.)

माझ्याकडं शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची एक जुनी शीट आहे. १४ नंबरला लेझीमवाला पोरगा एकदम शार्प, मागं नुसती पोलिसाची पाठ. १५ ला पोराचा हात हललाय, पण माडीवरची म्हातारी नेमकी त्याच्याकडं बघून हसालीय. तेव्हा मी शार्प म्हणून १४ ला चौकट केली, गाढवपणा. कितीही रिटच करा, १४ मध्ये ती म्हातारी येत नाही. आणि शूटिंग चालू असतानाच स्क्रीनवर बघून डिलीट मारणारे तर १५ तिथंच उडवतात, त्यांच्याशी मी बोलतच नाही.

अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा १९३६ चा आई-लेकरांचा फोटो घ्या. त्या बाईच्या बऱ्याच फ्रेम काढून एक उचलली, हे एडिट. नंतर कोपऱ्यात तंबूच्या खांबावर दिसणारा अंगठा निगेटिव्हवरून घालवला, हे रिटच. अंगठा राहिला असता तरी काय बिघडलं असतं? रॉबर्ट फ्रँक या फोटोग्राफरने अमेरिकाभर फिरून ७६७ रोल संपवले आणि 'द अमेरिकन्स' या पुस्तकात घेतले ८३ फोटो.

काकांना मी १५० दिले. लगेच फोन, "उरलेले १२५० एडिट करायचे राहिले काय?"