ब्राउझर प्रोसेसर का खातो: नेहमीच्या उपायांमागची पार्श्वभूमी

संगणकाचा पंखा जोरात फिरू लागतो, टंकलेली अक्षरे क्षणभर उशिरा उमटतात आणि टास्क मॅनेजर उघडून पाहावे, तर प्रोसेसरच्या रकान्यात ब्राउझरच सर्वांत वर बसलेला दिसतो. अशा वेळी मिळणारे सल्ले ठरलेले असतात: टॅब बंद करा, एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे पूरक प्रोग्राम) काढून पाहा, हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन (पान रंगवण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवण्याची सोय) बंद करा. यांतला प्रत्येक सल्ला त्या त्या काळातल्या वेगळ्या दुखण्यावर तयार झाला आहे. कोणते दुखणे कोणत्या काळातले हे ठाऊक असले, की आज नेमका कुठे हात घालायचा हे लवकर कळते, आणि निष्कारण सगळे टॅब बंद करण्याची वेळ येत नाही.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा वेबवरचे पान म्हणजे एक मजकूर होता. तो एकदा पडद्यावर मांडला की ब्राउझरचे काम संपत असे. १९९३ मध्ये आलेल्या मोझेक या ब्राउझरने मजकुरातच चित्रे दाखवायला सुरुवात केली, तरी हा क्रम बदलला नाही. तो बदलला १९९५ मध्ये. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझरसाठी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती तयार केली आणि पानाला स्वतःचा प्रोग्राम चालवण्याची मुभा मिळाली. टायमर लावून तोच कोड पुन्हा पुन्हा चालवणारे पान कधीच ‘पूर्ण’ होत नाही. ते उघडे असेपर्यंत प्रोसेसरकडे काम मागत राहते. आजच्या तक्रारीचे मूळ इथे आहे.

पुढची अनेक वर्षे मोठा वाटा होता तो फ्लॅश या प्लगइनचा, म्हणजे ब्राउझरमध्ये बसवायच्या जोड-प्रोग्रामचा. चलत्‌चित्रे, खेळ आणि व्हिडिओ फ्लॅशवर चालत, तशाच हलत्या जाहिरातीही. वाचक पानाचा वरचा भाग वाचत असताना खाली नजरेआड असलेली जाहिरातही प्रोसेसर वापरू शकत असे. त्या काळचे बहुतेक ब्राउझर सर्व टॅब एकाच प्रोसेसमध्ये (संगणक स्वतंत्रपणे चालवतो आणि मोजतो अशा एका कामात) चालवत, त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझरची एकच ओळ दिसे. दोष कोणत्या पानाचा हे ओळखायला एकेक टॅब बंद करत पंख्याचा आवाज कधी उतरतो ते पाहण्यापलीकडे सामान्य वापरकर्त्याच्या हाती फारसे काही नव्हते. ‘टॅब बंद करा’ हा सल्ला त्या अंधारातला आहे. स्टीव्ह जॉब्स यांनी एप्रिल २०१० मध्ये जाहीर पत्र लिहून फ्लॅशवर टीका केली, त्यात बॅटरीचा मुद्दाही होता. सप्टेंबर २०१५ पासून क्रोमने पानाच्या मुख्य आशयात नसलेल्या फ्लॅश जाहिराती आपोआप थांबवायला सुरुवात केली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा पाठिंबा संपला.

दरम्यान पानांचे स्वरूपच पालटले होते. २००४ मधील जीमेल आणि २००५ मधील गूगल मॅप्स ही दिवसभर उघडी ठेवायची साधने होती. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या क्रोमने हे गृहीत धरून दोन गोष्टी केल्या. जावास्क्रिप्टचे थेट यंत्रभाषेत रूपांतर करणारे व्ही-८ इंजिन त्यात होते, आणि टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालत. वेगवान इंजिनामुळे प्रोसेसरचा भार कमी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात मिळालेला वेग संकेतस्थळांनी अधिक कोड चालवण्यात खर्च केला, असेच मला वाटते. प्रोसेस वेगळ्या करण्याचे मोल मात्र टिकून राहिले. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केले की सर्वाधिक भार टाकणारा टॅब वर येतो. फायरफॉक्समध्ये टॅबसाठी वेगळी प्रोसेस ऑगस्ट २०१६ च्या ४८ व्या आवृत्तीपासून टप्प्याटप्प्याने आली.

इथे एक आकडा ओळखून ठेवण्यासारखा आहे. पानाचे जावास्क्रिप्ट साधारणपणे एकाच धाग्यावर, म्हणजे एका वेळी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (गणन करणाऱ्या भागावर), चालते. म्हणून चार कोअरच्या संगणकावर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझर २५ टक्क्यांच्या आसपास अडकून बसला असेल, तर एक कोअर पूर्ण भरल्याचा आणि एखाद्या पानाचा कोड न संपणाऱ्या फेऱ्यात सापडल्याचा दाट संशय घ्यावा. उलट, प्रोसेसची लांबलचक यादी पाहून घाबरण्याचे कारण नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर हा प्रोसेसरमधील दोष उघड झाल्यावर क्रोमने वेगवेगळ्या संकेतस्थळांचा आशय वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवण्याची पद्धत डेस्कटॉपवर लागू केली. त्यामुळे एका टॅबमागे अनेक प्रोसेस असणे हे संरक्षणाचे लक्षण आहे.

किती क्षुल्लक गोष्ट भार टाकू शकते, याचे उदाहरण मार्च २०१७ मध्ये समोर आले. क्रोमियम या क्रोममागच्या ब्राउझर-प्रकल्पाच्या पायावर बांधलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोड या संपादकात काहीही न टंकता केवळ लुकलुकणारा कर्सर सुमारे १३ टक्के प्रोसेसर वापरत असल्याचे आढळले. कर्सरला सेकंदाला दोनदा बदलणे पुरेसे होते. पण ज्या अ‍ॅनिमेशन पद्धतीने तो लिहिला होता, तिच्यामुळे पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जात होता. वेबपानांवरची ‘लोड होत आहे’ दाखवणारी फिरती चकती अशीच भार टाकू शकते.

मागे पडलेल्या, म्हणजे उघड्या पण समोर नसलेल्या, टॅबना लगाम घालण्याचे प्रयत्न २०११ पासून चालू आहेत. तेव्हा क्रोम आणि फायरफॉक्सने अशा टॅबमधील टायमर सेकंदाला एकदाच चालतील अशी मर्यादा घातली. क्रोमच्या मार्च २०१७ मधील ५७ व्या आवृत्तीने टायमरचा सरासरी वापर एका कोअरच्या एक टक्क्यापर्यंत आणला. मात्र आवाज वाजवणारे किंवा सर्व्हरशी सततचा जोड ठेवणारे टॅब या मर्यादेतून वगळले गेले, आणि मागे राहूनही भार टाकणारा टॅब शोधताना आधी गप्पांची, संगीताची आणि बैठकांची पानेच तपासावीत, ती त्यामुळे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॉइनहाइव्ह ही सेवा सुरू झाली आणि पाहुण्यांच्या प्रोसेसरवर परस्पर मोनेरो हे कूटचलन काढण्याची (गणिते सोडवून मिळवण्याची) साथ पसरली. काही पाने तर टास्कबारवरच्या घड्याळामागे लपणारी छोटी खिडकी उघडत, त्यामुळे ब्राउझर बंद केल्यासारखे वाटले तरी पंखा फिरतच राहत असे. ही सेवा मार्च २०१९ मध्ये बंद झाली.

हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशनविषयीचा सल्ला सर्वांत जपून घ्यावा. मार्च २०११ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ९ आणि फायरफॉक्स ४ यांनी पान रंगवण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवायला सुरुवात केली. ड्रायव्हर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) सदोष असतील तिथे ही सोय बंद करणेच शहाणपणाचे होते. आज चांगल्या ड्रायव्हरवर ती बंद केली, तर तेच काम प्रोसेसरवर येऊन भार वाढतो. व्हिडिओचेही असेच आहे: २०१८ मध्ये आलेल्या एव्ही-१ सारख्या नव्या प्रकाराची उकल करणारी सोय जुन्या चिपमध्ये नसते आणि ते कष्ट प्रोसेसरला पडतात. फायरफॉक्सच्या समस्यानिवारण-माहितीच्या पानावर ग्राफिक्स विभागात वेबरेंडर या पान रंगवणाऱ्या भागाच्या पुढे ‘सॉफ्टवेअर’ असे लिहिलेले दिसले, तर चिप वापरलीच जात नाही असे समजावे आणि ड्रायव्हरकडे वळावे.

एक्स्टेन्शनचा भाग अजूनही पूर्ण उजेडात आलेला नाही. क्रोममध्ये एक्स्टेन्शनची स्वतःची प्रोसेस यादीत दिसते. पण प्रत्येक पानात शिरून काम करणारा त्याचा कोड त्या पानाच्याच प्रोसेसमध्ये चालतो, आणि त्याचा भार निर्दोष टॅबच्या नावावर चढतो. म्हणून यादीत एखादा साधा टॅब वर दिसला, तर तेच पान खाजगी खिडकीत उघडून पाहावे. तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. भार नाहीसा झाला, तर ती एकेक करून तपासण्याला पर्याय नाही.