गाडीने भिंत पाडली, दुकान फोडलं: समोरच्याच्या विम्यातून मालमत्तेची भरपाई कशी मागायची

भरधाव डंपर कुंपणाच्या भिंतीत घुसतो. उसाची ट्रॉली वळणावर उलटते आणि पंपघर भुईसपाट करते. कुणाला खरचटलेलंही नसतं, म्हणून 'जिवावरचं शेपटावर निभावलं' असं म्हणत सगळे घरी जातात. भरपाईचा दावा बहुतेक वेळा इथेच बुडतो. कायद्याने हक्क दिलेला आहे, पण पहिल्या पंधरा दिवसांत जे कागद व्हायला हवेत ते झालेले नसतात आणि नंतर ते करता येत नाहीत.

हक्क असा आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ प्रमाणे रस्त्यावरच्या जवळपास प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो फक्त मृत्यू आणि दुखापतीसाठी असतो, हा गैरसमज आहे. कलम १४७ प्रमाणे तिऱ्हाइताच्या मालमत्तेचं नुकसानही त्यात येतं. घर, भिंत, दुकान, टपरी, उभी गाडी, विजेचा खांब, झाड, इतकंच काय दावणीची म्हैसही. कलम १६६ प्रमाणे मालमत्तेच्या मालकाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. अपघात झाला ते ठिकाण, अर्जदार राहतो किंवा धंदा करतो ते ठिकाण किंवा प्रतिवादी राहतो ते ठिकाण, यांपैकी कुठल्याही हद्दीतलं न्यायाधिकरण चालतं. नगरच्या माणसाची गाडी नाशकात ठोकली गेली, तर तारखांना नाशिकला खेटे घालायची गरज नाही.

कोणाला मिळत नाही, हेही आधीच पाहून घ्या. विमाधारकाची स्वतःची किंवा त्याच्या ताब्यातली मालमत्ता पॉलिसीतून वगळलेली असते. घरच्याच गाडीने घरचं फाटक मोडलं तर या मार्गाने काही मिळणार नाही. गाडी धडकून पळून गेली आणि नंबर मिळाला नाही, तर हिट अँड रनची सरकारी भरपाई फक्त मृत्यू आणि गंभीर दुखापतीला आहे, भिंतीला नाही. आणि दुखापतीच्या काही दाव्यांत चूक सिद्ध न करताही ठरावीक रक्कम मिळते, तशी सोय मालमत्तेला नाही. चालकाचा निष्काळजीपणा तुम्हालाच सिद्ध करावा लागतो. म्हणून पोलीस ठाण्यातला कागद इतका महत्त्वाचा.

तिथेच पहिली अडचण येते. "कुणी जखमी नाही, मग गुन्हा कशाला? आपसात मिटवा," हे उत्तर ठरलेलं. ते ऐकून परत फिरू नका. सार्वजनिक रस्त्यावर माणसांच्या जिवाला धोका होईल अशी बेदरकार गाडी चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खालचा दखलपात्र गुन्हा आहे. कुणी जखमी व्हायलाच हवं असं नाही. लेखी तक्रार द्या आणि पोचेचा शिक्का घ्या. नोंद करत नसतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. गुन्हा नोंदला गेला तर एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. निदान स्टेशन डायरीची नोंद आणि घटनास्थळाचा पंचनामा तरी झालाच पाहिजे.

पंचनामा होताना जवळ उभे राहा. 'भिंतीचे नुकसान झाले आहे' एवढ्या एका ओळीला पुढे काहीही किंमत उरत नाही. किती फूट लांब, किती उंच, विटांची की चिऱ्याची, शटर कितीचं, आतला कोणता माल फुटला, हे पंचनाम्यात यायला हवं. नाही आलं, तर कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की पंचनाम्यात नसलेला फ्रीज दाव्यात कुठून आला.

त्याहून वाईट कागद म्हणजे 'आमची काही तक्रार नाही'. गाडी सोडवायची घाई गाडीमालकाला असते, सही मात्र तुमची लागते. हातात वीस हजार पडतात, नंतर इंजिनिअरचा अंदाज दोन लाखांचा येतो आणि तो जबाब दाव्याच्या आड उभा राहतो. पैसे घ्यायचेच असतील तर पावतीवर 'तात्पुरत्या खर्चापोटी अंशतः, उर्वरित भरपाईचा हक्क राखून' असं लिहा आणि मगच सही करा.

दुसरी अडचण आहे मालकीची. अर्ज मालमत्तेच्या मालकानेच करायचा असतो आणि गावाकडची निम्मी घरं अजून वारलेल्या वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या नावावर असतात. वारसनोंद होईपर्यंत थांबू नका. सगळे वारस मिळून अर्ज करा आणि मृत्यू दाखला, वारसांची माहिती सोबत जोडा. शहरात मिळकत पत्रिका चालते, शेतातल्या पंपघराला सातबारा. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ लागतो, आणि लोक हमखास तलाठ्याकडचा ८अ घेऊन येतात. तो जमिनीचा खातेउतारा असतो, त्यात घर नसतं. वीजबिल मालकी दाखवत नाही, फक्त आधाराला जोडा.

दुकान भाड्याचं असेल तर दोन नुकसानं वेगळी धरा. शटर आणि भिंत जागामालकाची, माल आणि फर्निचर भाडेकरूचं. दोघांनी अर्जदार व्हावं. एकट्या भाडेकरूने शटरचे पैसे मागितले की तेवढा भाग कापला जातो. मालासाठी खरेदीची बिलं, स्टॉक रजिस्टर, जीएसटी विवरणपत्रं लागतात. जनावर दगावलं असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदन अहवाल त्याच दिवशी करून घ्या. पुरल्यावर काही सिद्ध होत नाही.

आता मुदत. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६(३) प्रमाणे अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज दाखल व्हायला हवा. अपघाताची तारीख, असं पुन्हा सांगायला हवं, कारण लोक एफआयआरच्या तारखेपासून मोजतात, कुणी कंपनीच्या सर्व्हेपासून (नुकसानीच्या पाहणीपासून), तर कुणी कंपनीचं नकाराचं पत्र आल्यापासून. 'तुमची फाइल वर पाठवली आहे' असं सांगत कंपनीने पाच महिने काढले तरी मुदत थांबत नाही. या मुदतीला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आहेत, पण त्यांच्या भरवशावर घरी बसू नका. एखादा कागद यायचा असेल तर तो नंतर दाखल करता येतो. अर्ज आधी करा.

गाडीचा विमा कुठल्या कंपनीचा आहे हे एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून कळतं. नाहीच कळलं तर कलम १६० प्रमाणे आरटीओ आणि पोलिसांनी दावेदाराला गाडीचा, मालकाचा आणि विम्याचा तपशील द्यायचा असतो. तसा लेखी अर्ज करा. उसाच्या ट्रॅक्टरबाबत ट्रॉलीचा नंबर आणि विमा वेगळा तपासा. ट्रॉलीचा विमा नव्हता ही हरकत कंपनी हमखास घेते. एसटी बस असेल तर विमा कंपनी शोधत बसू नका. महामंडळ स्वतःच्या निधीतून भरपाई देतं, प्रतिवादीही महामंडळच.

प्रतिवादी म्हणून चालक, मालक आणि विमा कंपनी तिघांनाही धरा. "मालक ओळखीचा आहे, त्याला कशाला कोर्टात ओढायचं" म्हणून त्याला वगळणं अंगाशी येतं, कारण मालमत्तेच्या नुकसानीला कंपनीची मर्यादा असते. नेहमीच्या पॉलिसीत कार आणि व्यावसायिक वाहनांना ती साडेसात लाख, दुचाकीला एक लाख. पण हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून गाडीमालकाने ही मर्यादा ६,००० रुपयांवर आणलेली असू शकते. पॉलिसीवर 'टीपीपीडी' (तिऱ्हाइताच्या मालमत्तेचं नुकसान) ही ओळ शोधा. मर्यादेच्या वरची रक्कम मालकाकडूनच वसूल होते. मालक म्हणजे आरसी बुकावर नाव असलेला माणूस. "गाडी मी केव्हाच विकली" हे त्याचं म्हणणं आरटीओत नाव बदललेलं नसेल तर टिकत नाही.

नुकसानीचा आकडा ठरवताना नुसतं कोटेशन देऊन भागत नाही. दुरुस्तीआधी परवानाधारक सर्व्हेअर किंवा मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून पाहणी करून घ्या आणि तो साक्षीला येईल का, हे तेव्हाच विचारा. अहवाल देणारा कोर्टात आला नाही तर अहवाल नुसता कागद राहतो. दुरुस्तीची बिलं जीएसटी क्रमांकाची घ्या, पैसे बँकेतून द्या. वीस वर्षांच्या भिंतीला नव्या भिंतीची पूर्ण किंमत मिळत नाही, घसारा कापला जातो. आकडा फुगवला तर खऱ्या आकड्यावरही शंका येते. मोबाइलमधले फोटो आणि सीसीटीव्ही चित्रण दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. पेट्रोल पंपाचं किंवा दुकानाचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, तेव्हा त्याची मागणी त्याच आठवड्यात लेखी करा.

तुमच्या गाडीचं नुकसान असेल आणि स्वतःच्या पॉलिसीतून दुरुस्ती झाली असेल, तर तेच पैसे दुसऱ्यांदा मिळत नाहीत. कापलेला घसारा, सक्तीची वजावट (दाव्यातला स्वतः सोसायचा ठरावीक भाग), टोइंग असा खिशातून गेलेला खर्च मागता येतो. त्यासाठी स्वतःच्या कंपनीच्या व्हाउचरवर 'पूर्ण व अंतिम' म्हणून डोळे झाकून सही करू नका. 'फक्त पॉलिसीखालील रकमेपुरते' असं लिहा.

गाडीमालकांसाठीही दोन शब्द. अपघात कंपनीला लगेच लेखी कळवा. कंपनीच्या संमतीशिवाय भरपाई कबूल करू नका, तो पॉलिसीच्या अटीचा भंग ठरतो. माणुसकीने आधार द्या, पण 'सगळं भरून देतो' असं लिहून देऊ नका.

अर्ज, ओळखपत्र, बँक पासबुक, फी आणि वकीलपत्र हे नेहमीचं. न्यायाधिकरणाच्या कार्यालयात नमुना मिळतो. ग्राहक आयोग किंवा विमा लोकपालाकडे जाऊन वेळ दवडू नका, समोरच्याच्या कंपनीचे तुम्ही ग्राहक नाही. रक्कम लहान असेल तर लोकअदालतीत प्रकरण ठेवायला सांगा, मात्र तिथल्या तडजोडीवर अपील नाही. निकालावरही, वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर उच्च न्यायालयात अपील होत नाही, म्हणून सगळा पुरावा खालीच द्यायचा. निकालानंतर तीस दिवसांत पैसे जमा झाले नाहीत तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १७४ प्रमाणे वसुली दाखल्यासाठी अर्ज करा; मग जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात.