गर्दीची गाडी म्हणजे बिनधास्त खा?

ठाणे स्टेशनबाहेर काय किंवा वाशीत काय, एक सल्ला हमखास मिळतो: गर्दी असेल त्या गाडीवर खा, पोट बिघडत नाही. हे अर्धंच खरं आहे.

गर्दीत वडा कढईतून थेट हातात येतो, हे मान्य. पण १७०-१८० अंशांच्या तेलातून निघालेला वडा तसाही फारसा धोक्याचा नसतो. घोळ असतो त्याच्यासोबतच्या हिरव्या चटणीत. कोथिंबीर कच्ची, पाणी न उकळलेलं आणि डबा दिवसभर उघडा. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपल्याकडची दुपार बरोबर त्यात बसते. वर गिऱ्हाईक वाढलं की चटणीत पाणीही वाढतं! प्लेटा एकाच बादलीत बुचकळत असतील, तर गर्दीने ते पाणी उलट लवकर घाण होतं.

पाणीपुरीचं पाणी आंबट असल्याने जंतू मरतात, हाही तसलाच समज. चिंचेने काही जंतूंची वाढ मंदावते इतकंच. काविळीचा हेपॅटायटिस ए विषाणू आंबटाला दाद देत नाही.

त्यामुळे रांग मोजण्यापेक्षा हात बघा: नोटा घेणारा हातच पाव चिरतोय का? पाण्याच्या पिंपाला तोटी आहे की मग्गा आत बुडवतात? गाडीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (FSSAI) १४ अंकी नोंदणी क्रमांक असावाच, पण त्याने आजच्या चटणीची हमी मिळत नाही. शंका आलीच तर ओली चटणी नको म्हणा. सुक्या लसणीच्या चटणीत ओलावा नसल्याने जंतू सहसा वाढत नाहीत.